संक्रांत दहाला की चौदाला? पंचांगवादाची पार्श्वभूमी

टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मकरसंक्रांत १० जानेवारीला होते. बाकीचा महाराष्ट्र १४ किंवा १५ तारखेला तिळगूळ वाटतो. चार-पाच दिवसांचा हा फरक कुणी फारसा मनावर घेत नाही. पण काही वर्षी दोन पंचांगांतला अधिक महिना वेगवेगळा पडतो, आणि मग या घरांचे गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी येऊन जातात. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. एकाच सूर्याला तीन तारखा कशा, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षं भांडला गेला आहे.

गॅलिलिओच्या खटल्याच्या साच्यात हे भांडण बसत नाही. दुर्बिणीत डोकावायचं नाकारणारा धर्ममार्तंड इथे सापडत नाही, आणि सुधारक म्हणवणारेही व्रतवैकल्यं मोडीत काढायला निघाले नव्हते. उलट एकादशी खऱ्या एकादशीलाच व्हावी, म्हणून त्यांना गणित सुधारायचं होतं.

जुन्या मराठी पंचांगांचा आधार म्हणजे गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’, शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. ते कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावचे. ज्या-चापाची (म्हणजे त्रिकोणमितीची) किचकट आकडेमोड त्यांनी काढून टाकली आणि अकरा-अकरा वर्षांची चक्रं धरून दिवसांची मोजणी आटोक्यात आणली. त्यामुळे गावचा जोशी धुळपाटीवर ग्रह काढू लागला. ग्रंथ चारशे वर्षं टिकला तो या सोयीमुळे. मात्र गणेश दैवज्ञ स्वतः पोथीनिष्ठ नव्हते. सूर्यसिद्धांत, आर्यपक्ष, ब्रह्मपक्ष या जुन्या गणितपंथांतला ज्याचा जो ग्रह आकाशाशी जुळला, तो त्यांनी उचलला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ तर वेध घेणारे, म्हणजे आकाश प्रत्यक्ष मोजणारेच होते. पुढच्या गणकांनी युती आणि उदयास्त पाहून भगणांत (ग्रहांच्या फेऱ्यांच्या आकड्यांत) कमी-जास्त करावं, असं ते सरळ लिहून गेले. म्हणजे ग्रंथ आकाशाला जुळवून घ्यायचा, ही शिकवण परंपरेच्या आतच होती. पुढच्या जोशांनी ग्रंथ ठेवला, शिकवण सोडली.

दुसरी शिकवणही परंपरेतलीच. गोदाकाठच्या गोलग्रामहून काशीला गेलेल्या घराण्यातले कमलाकर यांनी १६५८ साली ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. (‘निर्णयसिंधु’वाले कमलाकर भट्ट वेगळे. काशी तीच, शतकही तेच, घराणंही मूळ मराठीच, त्यामुळे घोटाळा ठरलेला.) ज्योतिषी कमलाकरांनी कामाची वाटणी करून दिली. ग्रहण, युती ही डोळ्यांना दिसणारी फळं, तिथे वेधाने शुद्ध केलेलं गणित घ्यावं. व्रत, श्राद्ध यांचं फळ अदृष्ट, तिथे सूर्यसिद्धांताचं मूळ गणित कसलाही संस्कार न करता घ्यावं. ही तोड धूर्त वाटते, पण ती तर्काने घट्ट आहे. पुण्य दुर्बिणीत दिसत नाही, मग त्याची वेळ दुर्बिणीने का ठरवायची? एकोणिसाव्या शतकातल्या सनातन बाजूचा सगळा किल्ला या एका भेदावर उभा होता. माझ्या मते तो कुणी समोरून कधी पाडलाच नाही. लोक बाजूने निघून गेले.

अदृष्ट फळासाठी घटकांचा हिशेब का लागतो? ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्यांचा ‘धर्मसिंधु’ उघडले की कळतं. अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयाआधी चार घटकांत, दशमीचा स्पर्श झाला तर ती एकादशी वैष्णवांना चालत नाही, उपास दुसऱ्या दिवशी. दशमी कधी संपते यात घटकाभराचा, म्हणजे २४ मिनिटांचा फरक पडला तरी वारकऱ्याचा उपास हलू शकतो.

आता खरी मेख. तिथी जास्तीत जास्त पाच घटका वाढते आणि सहा घटका घटते, असा जुना दंडक होता: बाणवृद्धी, रसक्षय. म्हणजे तिथी ५४ ते ६५ घटकांची. आधुनिक गणिताने काढलं तर ती ५० घटकांपासून ६७ घटकांपर्यंत जाते. कारण चंद्रात आहे. जुन्या गणितात चंद्राच्या गतीला एकच मोठा संस्कार, म्हणजे दुरुस्ती, दिली जाई. सूर्याच्या ओढीने पडणारा दुसरा मोठा फरक अमावास्या-पौर्णिमेला त्या पहिल्यात मुरून जातो आणि अष्टमीच्या आसपास उघडा पडतो. ग्रहणं होतात फक्त अमावास्या-पौर्णिमेला. म्हणजे ज्या दिवशी सगळा गाव आकाश पाहत असे, त्या दिवशी ग्रहलाघव बऱ्यापैकी बरोबर ठरे, आणि चूक असे अशा दिवसांत जेव्हा वर कुणी बघतच नसे. ‘ग्रहण बरोबर सांगतो तर एकादशी चुकेल कशी?’ हा जोशीबुवांचा प्रश्न म्हणूनच प्रामाणिक होता. ओडिशात चंद्रशेखर सामंतांनी बांबूच्या उपकरणांनी वेध घेऊन चंद्राचे हे संस्कार स्वतः शोधले, आणि पुरीच्या जगन्नाथ मंदिराने त्यांचं गणित स्वीकारलं. महाराष्ट्रात तेच काम इंग्रजी नाविक पंचांगाच्या वाटेने आलं, आणि ‘परकी’ हा शिक्का सोबत घेऊन आलं.

त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून मराठी पंचांग छापून बाहेर पडलं. जोशाच्या तोंडचं पंचांग ताडून पाहता येत नाही. छापलेली दोन पंचांगं शेजारी ठेवता येतात. आणि १८३६ साली सीहोरच्या सुबाजी बापूंनी पुराणांतला मेरू पर्वताभोवतीचा सपाट भूगोल, सिद्धांतांतली गोल पृथ्वी आणि कोपर्निकसचं मत यांची तुलना करणारं मराठी पुस्तक काढलं. त्याला उत्तर म्हणून ‘अविरोधप्रकाश’ आला, पुराण आणि सिद्धांत यांत विरोध नाहीच असं सांगणारा. मेरू पर्वतावरचा तो वाद लवकरच विझला, कारण मेरू कुठेही असला तरी श्राद्धाची तारीख बदलत नव्हती.

तारखा बदलल्या केरूनाना छत्र्यांनी. कुलाबा वेधशाळेत काम केलेले, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ त्यांनी १८६० साली छापली आणि शके १७८७ (१८६५) पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर नवं पंचांग सुरू केलं. तेच पटवर्धनी पंचांग. त्यात तिथी आकाशाशी जुळत होत्या. पण केरूनानांनी आणखी एक पाऊल टाकलं: रेवती नक्षत्राची योगतारा (मुख्य तारा) हा राशिचक्राचा आरंभ धरला. त्यामुळे अयनांश, म्हणजे संपातबिंदूपासून (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून) या आरंभाचं अंतर, १८ अंश आले. ग्रहलाघवाप्रमाणे ते २२ अंशांहून थोडे अधिक होते. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणून संक्रांत चार दिवस अलीकडे आली. दहा जानेवारीचं मूळ हे.

इथे शास्त्रज्ञांचीही पंचाईत होती, आणि ती क्वचितच सांगितली जाते. चंद्र कुठे आहे हे आकाश सांगतं. निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेलं, राशिचक्र कुठे सुरू होतं हे आकाश सांगत नाही. ते ग्रंथालाच विचारावं लागतं. सूर्यसिद्धांत रेवतीला चक्राच्या जवळजवळ आरंभी ठेवतो आणि चित्रेला बरोबर १८० अंशांवर. प्रत्यक्षात या दोन तारांत राशिचक्रावर १८४ अंशांचं अंतर आहे. एकीला धरलं की दुसरी चार अंशांनी सुटते. केरूनाना आणि त्यांचे शिष्य टिळक रेवतीकडे राहिले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा धरली. केतकर बागलकोटला शिक्षक होते, आणि नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत त्यांनी १९११ साली फ्रेंच नियतकालिकात छापलं होतं. दोघांचंही गणित निर्दोष. भांडण फक्त आरंभबिंदूचं, आणि ते सोडवायला वेधशाळा निरुपयोगी.

तिसरा पक्ष सायनवाद्यांचा, म्हणजे राशिचक्र संपातबिंदूपासून मोजणाऱ्यांचा, आणि मला तो सर्वांत धीट वाटतो. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शके १८०६ (१८८४) पासून सायन पंचांग काढलं. त्यांचं म्हणणं असं की तारा सोडा, ऋतू धरा. संपातबिंदू दर ७२ वर्षांना अंशभर सरकतो, म्हणजे निरयन सण दोन हजार वर्षांत महिनाभर ऋतू सोडून जातात. पानिपतच्या दिवसाशी लोक संक्रांत जोडतात, पण १७६१ मध्ये ती १४ जानेवारीला नव्हतीच, दहाच्या आसपास होऊन गेली होती. इतक्या वेगाने ती सरकते. त्यांचा मुख्य पुरावा मात्र खगोलाचा नव्हता, श्रुतीचा होता. तैत्तिरीय संहितेत ‘मधुश्च माधवश्च वासन्तिकावृतू’ असं आहे. मधु आणि माधव हे महिने वसंताचेच, मग चैत्र-वैशाख ग्रीष्मात सरकू देणारं पंचांग धर्माला सोडून आहे, असा त्यांचा उलटा आरोप होता. वेदप्रामाण्यावर उभं राहून त्यांनी सनातन्यांनाच अधार्मिक ठरवलं.

आणि ते हरले. तिथी सुधारल्याने कधीमधी उपास एका दिवसाने हलतो. सायन मानलं तर संक्रांत तीन आठवडे हलते, महिन्याचं नाव आणि पौर्णिमेचं नक्षत्र यांची फारकत होते, मृग जूनऐवजी मेच्या मध्याला लागतो. मृगाच्या पावसावर पेरणी ठरवणाऱ्या शेतकऱ्याला हे कोण पटवणार? दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली आला, त्याची कीर्ती आजही आहे, पण त्यांचं पंचांग घराघरांत गेलं नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत मुंबई, पुणे, सांगली अशा परिषदा झाल्या. टिळक त्यांत मनापासून पडले. त्यांच्या नावाचं पंचांग त्यातून रुजलं. आकाशाशी जुळणारं दृक्गणित हळूहळू सर्वांनीच घेतलं, बाणवृद्धी-रसक्षयाचं नाव मागे पडलं. ‘अदृष्ट फळा’चं खंडन कुणी न करता हे झालं: नवी कोष्टकं हाताशी होती आणि जुनी धुळपाटी चालवणारे म्हातारे झाले.

१९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली केंद्राची पंचांग सुधारणा समिती बसली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर तीत होते, म्हणजे महाराष्ट्राचं जुनं भांडण तिथेही हजर होतं. समितीने कमलाकरांसारखीच वाटणी केली, फक्त दिशा उलटी: सरकारी कामाला शुद्ध सायन सौर वर्ष, सणवारांना निरयन. निरयनासाठी चित्रापक्षाच्या जवळचा २३ अंश १५ कला हा आकडा कायमचा गोठवायचा होता, म्हणजे सण आहेत त्या ऋतूत तरी थांबले असते. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र १८७९ म्हणून, लागू झाली. राजपत्रावर ती तारीख छापली जाते. बाजारातल्या पंचांगांनी चित्रापक्ष घेतला, पण अयनांश गोठवले नाहीत. त्यामुळे संक्रांत आता काही वर्षी १५ जानेवारीला येते, आणि पुढच्या शतकात १६ तारखेलाही येऊ लागेल.