अथीना स्वान सनद

अथीना स्वान सनद : विद्यापीठे व संशोधनसंस्थांमधील स्त्री-पुरुष समानतेचा कस लावून त्यांना कांस्य, रजत किंवा सुवर्ण मानांकन देणारी ब्रिटनमधील योजना. तिची स्थापना २००५ साली झाली. सुरुवातीला ती विज्ञान, अभियांत्रिकी, गणित आणि वैद्यक या शाखांपुरती होती. २०१५ मध्ये तिच्यात मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व विधी यांचाही समावेश झाला. सध्या ‘ॲडव्हान्स एचई’ ही संस्था ती चालवते.

पदवीच्या आणि पीएच.डी.च्या वर्गांत मुलींची संख्या चांगली असली, तरी प्राध्यापकपदापर्यंत ती रोडावत जाते. ही गळती प्रामुख्याने पीएच.डी. आणि कायम नेमणूक यांच्या दरम्यान होते, कारण या काळात संशोधकाला अल्पमुदतीच्या करारांवर गावोगावी काम करावे लागते आणि नेमकी हीच वर्षे बाळंतपणाची व मुलांच्या संगोपनाची असतात. प्रसूती रजा मिळाली, तरी त्या काळात न निघालेले शोधनिबंध पुढे निवड समितीसमोर उमेदवाराच्या विरोधात जातात. हा दोष व्यक्तीच्या कुवतीचा नसून व्यवस्थेच्या घडणीचा आहे, हे सनदेचे मूळ गृहीतक आहे आणि तेच तिचे खरे बळ आहे.

मानांकनासाठी विभागाला अर्ज, मुलाखती, नेमणुका व बढत्या यांची स्त्री-पुरुषनिहाय आकडेवारी मांडून कृती आराखडा द्यावा लागतो. त्यातून होणारे बदल वरकरणी किरकोळ वाटतात. उदाहरणार्थ, विभागीय बैठका सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतच घेतल्या, की पाळणाघरातून मूल आणायला निघालेली प्राध्यापिका निर्णयप्रक्रियेबाहेर राहत नाही. यॉर्क विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला २००७ मध्ये पहिले सुवर्ण मानांकन मिळाले.

सनदेला खरी धार आली ती २०११ मध्ये. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी मोठ्या वैद्यकीय संशोधन अनुदानासाठी रजत मानांकनाची अपेक्षा जाहीर केली आणि तोवर उदासीन असलेली वैद्यकीय महाविद्यालये झपाट्याने कामाला लागली. कागदपत्रांचा बोजा कमी करण्याच्या धोरणातून ही अट २०२० मध्ये मागे घेण्यात आली. बोज्याची तक्रार खोटी नव्हती. शिवाय अर्ज तयार करण्याचे काम बहुधा स्त्रियांवरच पडे आणि त्यांचे संशोधन मागे राही, ही टीका अधिक गंभीर होती. सनदेचा लाभ मुख्यतः गोऱ्या स्त्रियांना झाला, असाही आक्षेप आहे. वंशाधारित विषमतेसाठी २०१६ पासून स्वतंत्र सनद आहे.

आयर्लंड व ऑस्ट्रेलिया यांनी २०१५ मध्ये हा नमुना स्वीकारला. भारतात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने त्याच धर्तीवर २०२० मध्ये ‘गती’ हा प्रायोगिक कार्यक्रम तीस संस्थांसाठी आखला. ज्या देशात कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून वर्षभर काम पाहून मगच प्रवेश कायम करण्याच्या अटीवर घेतले गेले, तेथे या कार्यक्रमाचे महत्त्व मोठे आहे. मात्र भारतीय संशोधनक्षेत्रातील जातिभेद हा ब्रिटिश नमुन्याच्या चौकटीत मुळातच नसलेला प्रश्न असून त्यासाठी वेगळ्या मोजमापाची गरज आहे.