व्हिडिओ गेम कन्सोलचे ग्राहक : वय आणि लिंग

घरच्या टीव्हीला जोडून किंवा हातात धरून गेम खेळण्यासाठी बनवलेले यंत्र म्हणजे व्हिडिओ गेम कन्सोल. ते घेणाऱ्यांत कोणत्या वयाचे लोक किती, बायका किती, पुरुष किती, हा प्रश्न दिसायला सोपा आहे. पण कन्सोलचे पैसे भरणारा, तो ‘माझा’ म्हणणारा आणि रोज त्याच्यापुढे बसणारा अशी तीन वेगळी माणसे एकाच घरात असू शकतात. वाढदिवसाला आईने तिच्या कार्डावर घेतला, मुलाने मित्रांना आपला म्हणून दाखवला आणि शनिवारी रात्री बाबाच त्यावर फुटबॉल खेळत बसले, तर ग्राहक कोणाला म्हणायचे? या विषयावरची बरीच आकडेवारी परस्परविरोधी दिसते, ती मुख्यतः यामुळे. एका पाहणीत खरेदीदार मोजलेला असतो, दुसरीत मालक आणि तिसरीत खेळाडू. बातम्यांत मात्र तिन्ही आकडे एकाच मथळ्याखाली येतात.

सुरुवातीची यंत्रे

अभियंते राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेला मॅग्नावॉक्स ओडिसी हा पहिला घरगुती कन्सोल १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्याच्या खोक्यात फासे, पत्ते आणि खेळातल्या नोटाही होत्या. सगळ्या घराने बसून खेळायचा बैठा खेळ, अशीच त्याची मांडणी होती. १९७५ च्या नाताळात अटारीचा घरगुती ‘पाँग’ सीअर्सच्या दुकानांतून विकला गेला, तोही तिथल्या क्रीडासाहित्य विभागाच्या खरेदी अधिकाऱ्याने पुढाकार घेतल्यामुळे. १९७७ मध्ये आलेल्या अटारी २६०० च्या जाहिरातींतही आई-वडील, आजी-आजोबा आणि मुले सोबत दिसत. गेम पार्लरमध्येही हेच वारे होते. नाम्कोच्या तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ (१९८०) रचला तो मुली आणि जोडपी पार्लरकडे वळावीत या उघड हेतूने. गेम बनवणाऱ्यांत बायकाही होत्या : डोना बेली यांचा सहभाग असलेला ‘सेंटिपीड’ १९८१ चा, तर कॅरोल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ १९८२ चा. थोडक्यात, ‘व्हिडिओ गेम हे मुलग्यांचे खूळ’ ही समजूत या यंत्रांच्या जन्मापासूनची नाही. ती नंतर घडली आणि तिचा काळही बऱ्यापैकी नेमका सांगता येतो.

१९८३ मध्ये उत्तर अमेरिकेतील कन्सोलचा बाजार कोसळला. निकृष्ट गेमचा पूर आला होता, दुकानदारांचे हात पोळले होते आणि ‘व्हिडिओ गेम’ म्हटले की ते दारातूनच परत पाठवत. जपानमध्ये त्याच वर्षी ‘फॅमिकॉम’ हा कन्सोल आणणाऱ्या निन्टेंडो कंपनीने १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचाच अमेरिकी अवतार ‘एनईएस’ उतरवताना म्हणूनच एक युक्ती केली. यंत्रासोबत आर.ओ.बी. नावाचा छोटा रोबो दिला आणि सगळे सामान खेळणे म्हणून विकायला काढले. युक्ती फळली. पण अमेरिकेतील खेळण्यांच्या दुकानांत मुलग्यांच्या आणि मुलींच्या वस्तूंच्या मांडणीची रांग वेगळी असे. एकदा त्या व्यवस्थेत शिरल्यावर कन्सोलला एक बाजू घ्यावी लागली आणि रोबो, बंदुका, मोटारी यांच्या शेजारची जागा त्याने घेतली. त्यानंतरच्या जाहिराती, गेमचे विषय आणि खोक्यांवरची चित्रे सगळे त्याच गिऱ्हाइकाकडे पाहून होऊ लागले. हे एकच कारण होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण गेम बनवणाऱ्यांतही पुरुषच जास्त होते. तरी दुकानातल्या रांगेचा वाटा मोठा आहे. मागणी होती तिकडे माल गेला हे खरेच, पण माल ठेवला तिकडे मागणी तयार झाली, हेही तितकेच खरे.

याचा पुरावा निन्टेंडोच्याच आकड्यांत आहे. कंपनीच्या अमेरिकी शाखेने १९९५ मध्ये सांगितले, की एनईएसच्या खेळाडूंत २९ टक्के मुली व स्त्रिया होत्या, तर पुढच्या पिढीतल्या ‘सुपर निन्टेंडो’त त्या १४ टक्केच उरल्या. त्याच वेळी ‘गेम बॉय’ या हातातल्या यंत्रात मात्र त्यांचा वाटा ४६ टक्के होता. कंपनी एक, देश एक, काळही जवळजवळ एकच. फरक होता तो यंत्रात आणि त्यावरच्या गेममध्ये. अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा गेम येत असे, ज्यात कोणाला मारायचे नसते आणि कोणाला सोडवून आणायचेही नसते. शिवाय या यंत्राला टीव्ही लागत नाही. दिवाणखान्यातल्या एकुलत्या एका टीव्हीवर हक्क कोणाचा, हे भांडण ज्या घरात मुलगी नेहमी हरते त्या घरात ही बाब लहान नाही. वयाचीही भिंत इथे पातळ होती. १९९१ मध्ये रुग्णालयात असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश गेम बॉय खेळतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

वय वर सरकते

मुलाच्या खेळण्याचे तरुणाच्या वस्तूत रूपांतर करण्याचे पहिले प्रयत्न सेगा या जपानी कंपनीने केले, पण ते पुरते साधले सोनीला. प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आणि १९९५ मध्ये अमेरिका-युरोपात आले. ब्रिटनमध्ये सोनीने ते नाइटक्लबांत नेऊन ठेवले. ‘वाइपआउट’ या शर्यतीच्या गेमला त्या क्लबांत वाजणारेच इलेक्ट्रॉनिक संगीत होते. विशीतला, स्वतःच्या पगारातून खर्च करणारा ग्राहक असा तयार झाला. अमेरिकी सिनेटपुढील १९९३ च्या सुनावण्यांनंतर १९९४ मध्ये ईएसआरबी ही वयानुसार गेमना श्रेणी देणारी व्यवस्था आली होती. तिच्यामुळे ‘हा गेम मोठ्यांसाठी’ असे खोक्यावरच छापता येऊ लागले आणि उद्योगाला प्रौढांसाठी उघडपणे माल काढण्याची सोयही झाली. २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी चालत असे. घरात यंत्र आणण्यासाठी मोठ्या माणसांना हे एक सभ्य निमित्त मिळाले. सोळा कोटींहून अधिक विक्री झालेले हे यंत्र आजवरचे सर्वांत खपलेले कन्सोल आहे.

दुसरे कारण अगदी साधे आहे : मुले मोठी झाली. १९८६ मध्ये दहा वर्षांचा असलेला ‘मारिओ’चा खेळाडू २०१६ मध्ये चाळिशीत होता आणि त्याने खेळणे सोडलेले नव्हते. एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशन ही अमेरिकी गेम उद्योगाची संघटना दरवर्षी पाहणी प्रसिद्ध करते. तीत खेळाडूचे सरासरी वय २००४ मध्ये २९ होते, २०२४ मध्ये ३६. त्याच संघटनेच्या २०१० च्या पाहणीत खेळाडूचे सरासरी वय ३४, पण सर्वाधिक वेळा गेम विकत घेणाऱ्याचे ४० आढळले. हा सहा वर्षांचा फरक म्हणजे बहुतांशी पालक. खिसा त्यांचा, हट्ट दुसऱ्याचा. अर्थात हे आकडे उद्योगाच्याच संघटनेचे आहेत आणि ‘आमचा ग्राहक शाळकरी पोरगा नाही’ हे राजकारण्यांना पटवून देण्यात तिचा स्वार्थ आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय त्यांत केवळ कन्सोलवालेच नाहीत, संगणकावर आणि मोबाइलवर खेळणारेही धरलेले आहेत.

स्त्रियांकडे कन्सोल जास्त?

उद्योगाशी संबंध नसलेल्या प्यू रिसर्च सेंटरच्या २०१५ च्या पाहणीने अनेकांना चकित केले. अमेरिकेतील प्रौढांपैकी ४० टक्क्यांकडे कन्सोल होता. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के, तर स्त्रियांत ४२. वयानुसार पाहिले तर तिशीच्या आतल्यांत ५६ टक्के आणि ३० ते ४९ या गटात ५५, म्हणजे फरक नाहीच. पन्नाशीनंतर हे प्रमाण ३० वर उतरते आणि पासष्टीनंतर ८ वर.

आता याच संस्थेने त्याच वर्षी किशोरवयीनांना विचारले तेव्हा ९१ टक्के मुलग्यांना कन्सोल उपलब्ध होता आणि मुलींपैकी ७० टक्क्यांना. म्हणजे तेरा ते सतरा वयात मुलगे बरेच पुढे आणि मोठेपणी बायका किंचित पुढे. मुली मोठ्या झाल्यावर एकाएकी गेमकडे वळतात असा अर्थ काढण्यापेक्षा, मुले असलेल्या घरात ‘तुमच्याकडे कन्सोल आहे का’ या प्रश्नाला आईने ‘हो’ म्हटले, हे जास्त संभवते. यंत्र घरात आहे, बिल तिने भरले आहे, धूळ तीच पुसते. प्यूच्याच आणखी एका पाहणीत ५० टक्के पुरुष आणि ४८ टक्के स्त्रिया कुठला ना कुठला व्हिडिओ गेम खेळत होत्या, परंतु स्वतःला ‘गेमर’ म्हणवणारे पुरुष १५ टक्के होते आणि स्त्रिया ६ टक्के. खेळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुषच असतात असे मात्र ६० टक्के लोकांना वाटत होते.

तरीही बदल निव्वळ कागदावरचा नाही. सोनीने २०२१ मध्ये गुंतवणूकदारांपुढे सांगितले, की पहिल्या प्लेस्टेशनच्या काळात मालकांमध्ये स्त्रिया १८ टक्के होत्या, त्या प्लेस्टेशन ४ व ५ पर्यंत ४१ टक्क्यांवर आल्या.

‘वी’चा अपवाद

ग्राहकवर्ग ठरवून बदलण्याचा सर्वांत मोठा प्रयोग निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांच्या काळात झाला. गेम न खेळणाऱ्यांना खेळायला लावायचे, हे त्यांचे जाहीर धोरण होते. ‘डीएस’ (२००४) या हातातल्या यंत्रावर ‘निन्टेंडॉग्ज’मधली कुत्र्याची पिल्ले आली आणि मेंदूतज्ज्ञ र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने आकडेमोडीचा गेम आला, जो जपानमध्ये प्रौढांनी व वृद्धांनी उचलून धरला. २००६ च्या ‘वी’ या कन्सोलमध्ये बटणांची भाषा शिकायची गरज उरली नाही. रिमोट हातात धरून टेनिसच्या रॅकेटसारखा फिरवला की झाले. अमेरिकेतील वृद्धाश्रमांत ‘वी’वरच्या बोलिंगच्या स्पर्धा रंगू लागल्या. ‘वी फिट’च्या वजनकाट्यासारख्या फळीने व्यायामासाठी पैसे काढणाऱ्या बायकांना गाठले. प्रतिस्पर्धी यंत्रांपेक्षा किंमतही कमी होती. ‘वी’ची विक्री दहा कोटींवर गेली.

पण हा ग्राहक टिकला नाही. त्याला यंत्राशी निष्ठा नव्हती. त्याने वर्षाला चार-पाच गेम घेतले नाहीत आणि स्मार्टफोन हातात आल्यावर तो सरळ तिकडे गेला. पुढचे ‘वी यू’ २०१२ मध्ये आले आणि जेमतेम दीड कोटींच्या आत आटोपले. २०१७ च्या ‘स्विच’ने निन्टेंडोला सावरले आणि मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर आलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या बेटावर घर-गाव वसवण्याच्या निवांत गेमने विशी-तिशीतल्या स्त्रियांना मोठ्या संख्येने खेचले. यंत्रापेक्षा गेमच ग्राहक ठरवतो, याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे नाही. क्वांटिक फाउंड्री या संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत शेतीवाडीच्या गेमना पसंती देणाऱ्यांत ६९ टक्के स्त्रिया होत्या, गोळीबाराच्या गेमना पसंती देणाऱ्यांत ७ आणि मैदानी खेळांच्या गेमना अवघ्या २. पाहणी स्वतःहून भरून देणाऱ्यांची असली, तरी दरी कुठे आहे ते त्यावरून कळते.

ऑनलाइन खेळात आणखी एक अडचण असते. माइकवर बाईचा आवाज ऐकू आला की शेरेबाजी सुरू होते, म्हणून अनेक जणी माइक बंद ठेवतात किंवा पुरुषी नाव घेतात. खात्यांवरून लिंग मोजायला गेल्यास त्या गळतात. वयाचेही तसेच. नोंदणी करताना जन्मवर्षाचा रकाना वर सरकवत नेणारा अकरा वर्षांचा मुलगा कंपनीच्या दप्तरी तिशीचा गृहस्थ असतो.

अन्य देश

जपानमध्ये स्त्रियांसाठीच्या गेमची परंपरा जुनी आहे. केइको एरिकावा यांच्या पुढाकाराने कोएई कंपनीतल्या स्त्रियांच्या चमूने केलेला ‘अँजेलिक’ १९९४ मध्ये सुपर फॅमिकॉमवर (सुपर निन्टेंडोचे जपानी नाव) आला आणि ‘ओतोमे’ म्हणून ओळखला जाणारा प्रणयकथांचा प्रकार त्यातून वाढला. चीनमध्ये २००० साली तरुणांवर वाईट परिणाम होतो म्हणून कन्सोलच्या विक्रीवर बंदी आली. ती पूर्णपणे उठायला २०१५ उजाडले. मधल्या काळात एक अख्खी पिढी संगणक आणि मोबाइलवर खेळून मोठी झाली.

भारतातही कन्सोलचा ग्राहक नेहमी थोडाच राहिला, कारणे मात्र किमतीची. नव्वदीत इथल्या घरांत शिरला तो निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकलांचा ‘टीव्ही गेम’. पिवळी कॅसेट, तीत ‘मारिओ’, ‘काँट्रा’, बदकांवर झाडायची बंदूक. तो यायचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि जून उजाडला की माळ्यावर जायचा. अधिकृत यंत्रे आली तेव्हा रोख तरुण पुरुषांवर होता : २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आणताना मायक्रोसॉफ्टने अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना पुढे केले. सोनीने २००९ मध्ये ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतात तयार झालेला गेम प्लेस्टेशन २ वर आणला. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. एवढी रक्कम एका खेळावर घालायची तर ग्राहक कमावता असायला हवा किंवा त्याचे आई-वडील ‘दहावीला इतके टक्के पडले तर घेऊ’ या बोलीला बांधलेले हवेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुनी यंत्रे आणि डिस्क यांची उलाढाल चालते. विक्रीच्या अधिकृत आकड्यांत ती मोजली जात नाही. ‘स्विच’ची तर २०१७ पासून भारतात अधिकृत विक्रीच झाली नाही. बाहेरून आयात झालेली किंवा अमेरिकेतल्या मावशीने सुट्टीला येताना बॅगेतून आणलेली यंत्रेच इथे चालतात आणि त्यावरचे खाते बहुधा दुसऱ्याच देशाच्या नावाने उघडलेले असते.