जहाजावरील सोनारमधील रव-नियंत्रण

जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारच्या (पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली व वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेच्या) ग्राहकात, म्हणजे ध्वनी टिपणाऱ्या भागात, प्रतिध्वनीबरोबर शिरणारा नको असलेला ध्वनी व विद्युत् व्यत्यय, म्हणजेच रव, कमी करण्याच्या उपायांना रव-नियंत्रण म्हणतात. नवी मुंबईतील न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या जलमार्गात गाळ सतत साचत असल्याने त्याची खोली वारंवार मोजावी लागते. मोजणीची नौका कामावर असताना आसपास टगबोटी आणि कंटेनरवाहू जहाजे वावरत असतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न रोजचाच असतो.

रवाचा सर्वांत त्रासदायक उगम बहुधा स्वतःचेच जहाज असते. प्रॉपेलर वेगाने फिरला की पात्यांवर दाब घटून पाण्याच्या वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना विस्तृत कंप्रता-पट्ट्यात (फ्रीक्वेन्सीच्या व्याप्तीत) आवाज पसरतो. इंजिन व जनरेटरची कंपने सांगाड्यातून तळापर्यंत पोहोचतात. नाळेखाली (जहाजाच्या पुढच्या टोकाखाली) ओढली गेलेली हवा ट्रान्सड्यूसरसमोरून (ध्वनी सोडणाऱ्या व टिपणाऱ्या घटकासमोरून) वाहिली, तर रव वाढतोच, शिवाय प्रतिध्वनीही शोषला जातो. म्हणून ट्रान्सड्यूसरची जागा निवडणे हा निर्णय जहाज बांधतानाच काळजीपूर्वक घ्यावा लागतो. ट्रान्सड्यूसर यंत्रांपासून दूर, पुढच्या भागात, परंतु बुडबुड्यांच्या वाटेबाहेर आणि गुळगुळीत आवरणात असावा. यंत्रे रबरी आधारांवर बसवतात. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत नौदलासाठी लागणाऱ्या रबर व बहुवारिक (पॉलिमर) पदार्थांवर संशोधन चालते.

ग्राहकात शिरलेला रव पूर्णपणे वेगळा काढता येत नाही, तरी बराच दाबता येतो. ग्राहक घटकांची संख्या दुप्पट केल्यास, रव घटकांगणिक स्वतंत्र असेल तर, रवाच्या तुलनेत प्रतिध्वनी सुमारे ३ डेसिबलने (म्हणजे शक्तीने सुमारे दुप्पट) ठळक होतो. स्वीकारण्याचा कंप्रता-पट्टा निम्मा केल्यासही रव ३ डेसिबलने घटतो, मात्र जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची क्षमता कमी होते. शेजारच्या नौकेचा सोनार त्याच कंप्रतेवर असल्यास आलेखावर तिरप्या ठिपक्यांच्या रेघा उमटतात. आपल्या सोनारच्या स्पंदांमधील (सोडलेल्या ध्वनीच्या ठोक्यांमधील) कालांतर बदलून त्या ओळखता येतात.

दोष शोधताना ध्वनीचे प्रक्षेपण बंद ठेवून केवळ ऐकावे. नौका थांबवूनही रव तसाच राहिला, तर प्रॉपेलर व पाण्याचा प्रवाह निर्दोष ठरतात. मग यंत्रे एकेक करून बंद करावीत, आणि तरीही तो टिकला तर केबलचे कवच व भूसंपर्कन (अर्थिंग) तपासावे.