दर्शनी भिंतीवरचे प्राणी: डागडुजीची ऑर्डर देण्याआधी वाचा

मुंबईच्या फोर्ट भागातल्या जुन्या दगडी इमारतींचे मालक आणि ट्रस्टी आम्हाला हमखास विचारतात, "ते वरचं कोरीव माकड झिजलंय, काढून सपाट केलं तर?" आमचं उत्तर नाही असंच असतं. का, ते थोडक्यात सांगतो.

व्हिक्टोरियन काळात गॉथिक शैलीला, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीला, पुन्हा बहर आला आणि तिच्याबरोबर पशुपक्षीही भिंतींवर आले. पानं-फुलं, प्राणी प्रत्यक्ष बघून कोरावेत असा तेव्हा आग्रह होता. लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम (१८८१) हे त्याचं टोक म्हणावं लागेल. आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी तिथे पश्चिमेच्या बाजूला हयात प्राणी बसवले, पूर्वेच्या बाजूला नामशेष झालेले. मधल्या दालनाच्या कमानींवर माकडं चढताना दिसतात. हे सगळं टेराकोटामध्ये, म्हणजे भाजलेल्या मातीत आहे, कारण लंडनच्या काजळीत तो दगडापेक्षा चांगला टिकतो आणि धुताही येतो.

मुंबईत मात्र दगडच कोरला गेला. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं, म्हणजे आजच्या सीएसएमटीचं काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं. नक्षीकामाला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह आहे, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. ही राजकीय जोडी सगळ्यांना ठाऊक असते. आम्हाला विचाराल तर खरी मजा वर आहे, मोरांमध्ये, माकडांमध्ये आणि तोंड वासून बसलेल्या गार्गॉइलमध्ये, म्हणजे भिंतीबाहेर डोकावणाऱ्या विचित्र प्राण्यांमध्ये. लोकल पकडायच्या घाईत तिकडे मान वर करतो कोण?

उच्च न्यायालयाच्या इमारतीत (१८७८) एका स्तंभशीर्षावर माकड न्यायाधीश झालंय. एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. दुसरीकडे वकिलाचा गळपट्टा बांधलेला कोल्हा आहे. खटला हरलेल्या कंत्राटदाराने हा सूड उगवला अशी दंतकथा आहे. ती खरी-खोटी कशीही असो, ते माकड कुणी घासून गुळगुळीत केलं असतं तर कथाही गेली असती.

आता कामाचं. सगळेच प्राणी शोभेचे नसतात. गार्गॉइल ही मुळात पन्हळ आहे. त्याच्या पाठीवरून किंवा पोटातून चर जातो, गच्चीचं पाणी त्यातून तोंडावाटे भिंतीपासून लांब फेकलं जातं. देवळाच्या गोमुखासारखंच समजा. तोंडात कबुतरांची घाण आणि पिंपळाचं रोप बसलं, किंवा कुणी 'गळती थांबवायला' तिथे सिमेंट भरलं, की तेच पाणी भिंतीवरून ओघळतं. मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा. इथल्या नक्षीत अनेकदा दिसणारा पोरबंदरचा दगड कोरायला सोपा, कारण तो मऊ चुनखडी आहे. पण म्हणूनच तो पाणी पितो, काळा पडतो आणि त्याच्या पापुद्र्या सुटतात. चर मोकळा ठेवणं ही सगळ्यात स्वस्त डागडुजी आहे, आणि नेमकी तीच कुणाला सुचत नाही.

दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, आम्ही चुन्यानेच भरतो. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ओल आत कोंडून ठेवतं. मग सिमेंट जागेवर राहतं आणि शेजारचा कोरीव दगड सुटतो. सँडब्लास्टिंग (जोरात वाळू मारून घासणं), ॲसिड आणि ऑइल पेंट ही कामं आम्ही घेत नाही. सफाई मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने होते. वेळ लागतो, त्यामुळे परांचीचं भाडं वाढतं, हे आधीच सांगतो.

झिजलेल्या चेहऱ्याला नवे डोळे-नाक कोरून द्या, अशीही मागणी येते. जुना फोटो किंवा त्याच इमारतीवर जुळा नमुना असेल तरच आम्ही ते करतो. अंदाजाने कोरलेला वाघ बहुधा मांजर होतो.

इमारत हेरिटेज यादीत असेल तर काम सुरू करण्याआधी महापालिकेकडे चौकशी करा. १९९५ च्या नियमावलीपासून मुंबईत श्रेणीप्रमाणे परवानगीचे नियम वेगळे आहेत. कागदपत्रांत आम्ही मदत करतो, अर्ज मात्र मालकाच्या नावाने जातो.

पाहणीला बोलावण्याआधी मुसळधार पावसात मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा, पाणी कुठून पडतंय ते त्यात दिसतं. तुटून खाली पडलेला कान, शेपूट, चोच, काहीही असो, राडारोड्यात टाकू नका. पोत्यात भरून, कुठल्या बाजूला सापडलं ते लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. तो तुकडा जागेवर बसवायचं काम नवीन कोरण्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतं.