मानवी हक्क आयोगाकडे तक्रार : सोलापूरकरांचे अर्ज नेमके कुठे अडतात

शेजाऱ्याने जातीवरून शिवीगाळ केली, घरमालकाने धर्म विचारून खोली नाकारली, जातपंचायतीने कुटुंब वाळीत टाकले. तीन-तीन पानी अर्जात हे सगळे खरे आणि पोटतिडकीने लिहिलेले असते, तरी अर्ज निकाली निघतो. कारण त्यात सरकारी माणूस कुठेच नसतो. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993 प्रमाणे आयोग दोनच गोष्टी तपासतो : लोकसेवकाने स्वतः केलेले किंवा करायला लावलेले हक्कांचे उल्लंघन, आणि उल्लंघन होत असताना ते रोखण्यात त्याने केलेली हयगय. पेठापेठांतून मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी-शेजारी असलेल्या आपल्या शहरात समाजासमाजांतले बरेचसे तंटे आयोगाच्या कक्षेत येऊ शकतात ते या दुसऱ्या मुद्द्यामुळे.

वाळीत टाकण्याचेच घ्या. त्यासाठी महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड एक लाखापर्यंत. म्हणजे आधी पोलीस ठाणे. तिथे ‘तुमच्या समाजाचे तुम्ही बघा’ म्हणून परत पाठवले, तर तक्रार पंचांविरुद्ध न लिहिता गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध लिहायची. पंचांनी काय केले ते पार्श्वभूमी म्हणून चार ओळींत येऊ द्या. घरमालकाचा नकार हा खाजगी व्यवहार, तो इथे टिकत नाही. गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व नाकारले असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.

आता ज्या कागदावाचून बहुतेकांचे अडते तो कागद. ‘साहेबांनी ऐकून घेतले नाही’ हे सिद्ध कशाने करणार? तोंडी गेलात तर काहीच हाती उरत नाही. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘नंतर या, शिक्का मारणारा जेवायला गेलाय’ हे उत्तर सर्रास मिळते. थांबा, तो जेवून येतोच. पोच द्यायला साफ नकार दिला तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा : शहर हद्दीत पोलीस आयुक्तांना, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांना. पोस्टाची पावती आणि टपाल पोचल्याची नोंद जपून ठेवा. पुढे काय कारवाई झाली हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून विचारा, 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

मुदत मात्र उत्तराची वाट बघत घालवू नका. घटना घडल्यापासून एक वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही. पुष्कळ जण हे वर्ष शेवटच्या पत्रापासून किंवा ‘चौकशी सुरू आहे’ असे कळवल्याच्या दिवसापासून मोजतात आणि तिथेच बुडतात. मूळ घटनेची तारीख पहिल्या ओळीत लिहा आणि वर्ष तिथूनच धरा.

सेटलमेंट भागातल्या विमुक्त समाजाच्या कुटुंबांसाठी वेगळे सांगायला हवे. अख्ख्या जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला, तरी कुठे चोरी झाली की संशयावरून पोरे उचलून नेल्याच्या तक्रारी या समाजातून आजही येतात. इथे लोकसेवक थेट गुंतलेला असतो, त्यामुळे तक्रार सरळ बसते. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सिव्हिलमध्ये तपासणी करून केसपेपर घ्या. दुसऱ्या दिवशी वळ फिके पडतात आणि कागदही कच्चा ठरतो. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावून चित्रण किमान वर्षभर जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये दिला आहे. ठाण्यात नेल्याची आणि सोडल्याची वेळ लिहून ते चित्रण मागवावे, अशी विनंती अर्जातच करा.

रेल्वे स्टेशनवरचा प्रकार असेल तर आधी खाकी कोणाची ते बघा. लोहमार्ग पोलीस राज्याचे, रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे. केंद्राच्या माणसाविरुद्ध दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे, बाकी राज्य आयोगाकडे. दोन्हीकडे एकदम पाठवू नका, एकाकडे प्रकरण सुरू असताना दुसरा हात घालत नाही. तोच वाद कोर्टात असेल तरी अडते. मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या निवेदनाची ‘प्रत माहितीस्तव’ आयोगाला धाडणे हाही अर्ज वाया घालवण्याचा हमखास मार्ग आहे. आयोगाच्याच नावे, स्वतंत्र आणि सही केलेला अर्ज हवा.

शहरासाठी वेगळा आयोग नाही. राज्य आयोगाचे कार्यालय मुंबईत सीएसएमटीसमोर आहे, पण नुसता अर्ज द्यायला सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठू नका, टपालाने किंवा ऑनलाइन भागते. अर्ज मराठीत चालतो, फी नाही. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला असेल तर सहीआधी तो वाचून, समजावून घ्यावा. आडनाव आधारकार्डावर एक आणि रेशनकार्डावर दुसरेच, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे, तेव्हा सगळ्या कागदांवर एकच नाव लावा आणि दुसरे ‘उर्फ’ म्हणून लिहा. निनावी अर्ज विचारात घेत नाहीत.

‘मानवाधिकार’ अशी पाटी लावलेल्या खाजगी संघटना ओळखपत्र देतो, केस लावून देतो म्हणून पैसे मागतात. त्यांचा आयोगाशी संबंध नाही. हातावर पोट असलेल्या विडी कामगार बायांनी असे पैसे मोजावेत हे संतापजनक आहे. एक पैसाही देऊ नका.

आयोग संबंधित खात्याकडून अहवाल मागवतो, साक्षीला बोलावू शकतो, भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो. शिफारशीवर सरकारने महिनाभरात आपले म्हणणे कळवायचे असते. खात्याचा अहवाल आला की त्याची प्रत मागून घ्या आणि त्यातल्या चुकीच्या विधानांना मुद्देसूद लेखी उत्तर द्या. हे उत्तर न दिल्यामुळे चांगल्या तक्रारी बंद होतात. मोबाइल नंबर किंवा पत्ता बदलला तर प्रकरण क्रमांक टाकून आयोगाला लगेच कळवा, नाहीतर नोटीस जुन्या घरी जाते आणि सुनावणी तुमच्याविना होते.