घोडा राखणारा वाचक मासिकात काय शोधतो?

घोडेस्वारीच्या खेळाला वाहिलेल्या नियतकालिकांचा वाचक निव्वळ प्रेक्षक नसतो. टेनिसचं मासिक वाचणारे कित्येकजण आयुष्यात एकही सामना खेळलेले नसतात. घोड्याचं मासिक उघडणाऱ्याला मात्र बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटे तबेल्यात जायचं असतं. मागच्या पायाला सूज का येते, नव्या खोगिराने पाठ का सोलली जाते, उडी घ्यायच्या ऐनवेळी घोडा का बिचकतो, असे प्रश्न डोक्यात घेऊनच तो पानं उलटतो. जगज्जेत्याची मुलाखतसुद्धा तो आपल्या घोड्याकडे पाहत वाचतो. अशा मासिकाने काय छापावं यावर संपादकांमध्ये आजही वाद चालतात, आणि वाचकाच्या अपेक्षा कुठून आल्या हे पाहिलं तर त्या वादांचा उलगडा बराचसा होतो. या अपेक्षा साधारण तीनशे वर्षांत एकेक करून साठत गेल्या आहेत.

सगळ्यात जुनी अपेक्षा बिनचूक नोंदीची. १७२७ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चेनी याने वर्षभरातल्या घोड्यांच्या शर्यतींची यादी छापायला सुरुवात केली. कुठल्या गावी, किती बक्षिसासाठी, कोणाचा घोडा धावला आणि कितवा आला, एवढाच मजकूर. त्याआधी निकाल तोंडोतोंडी पसरत आणि सांगणाऱ्यागणिक बदलत. पैज लावणाऱ्याला आणि घोड्यांची पैदास करणाऱ्याला विसंबता येईल असा छापील आधार हवा होता, आणि त्यासाठी ते आगाऊ वर्गणी भरायला तयार होते. पुढे १७७३ पासून जेम्स वेदरबीने शर्यतींचं पंचांग चालवलं आणि १७९१ मध्ये त्याच घराण्याकडून थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांच्या वंशावळीचं पहिलं पुस्तक निघालं. वंशावळीचं ते काम वेदरबी संस्थेकडे आजही आहे. निकालाची ओळ म्हणजे घोडीची किंमत आणि तिच्या शिंगरांचं भवितव्य, हे ज्याला ठाऊक आहे त्याला छापण्यातली चूक क्षुल्लक वाटत नाही. बापाचं नाव चुकवणाऱ्या मासिकावरचा त्याचा विश्वास तिथेच उडतो, मग पुढचे लेख कितीही सुंदर असोत.

अमेरिकेतही सुरुवात नोंदीपासूनच झाली. १८२९ मध्ये बाल्टिमोरहून जॉन स्किनरने शर्यती आणि मैदानी खेळांचं मासिक काढलं, त्यामागे विखुरलेल्या वंशावळी हरवण्याआधी एकत्र करण्याची तळमळ होती. याच स्किनरने दहा वर्षं आधी शेतकऱ्यांसाठी नियतकालिक सुरू केलं होतं. दोन्हींचा वाचक फारसा वेगळा नव्हता.

दुसरी अपेक्षा, घोडा कसा राखावा हे कोणीतरी अधिकाराने सांगावं, ही मात्र एका माणसाच्या लेखणीमुळे ठळक झाली. लंडनमध्ये ऑक्टोबर १७९२ मध्ये जॉन व्हेबलने ‘स्पोर्टिंग मॅगझिन’ सुरू केलं. शर्यती, शिकार, मुष्टियुद्ध असं सगळंच त्यात असे. १८२२ पासून ‘निमरॉड’ या टोपणनावाने चार्ल्स ॲपर्ली त्यात लिहू लागला. तो इंग्लंडभर फिरून शिकारी कुत्र्यांच्या कळपांबरोबर रपेट करायचा आणि कुणाच्या पागेत घोडे कसे राखले आहेत ते नावानिशी सांगायचा. त्याचं खरं महत्त्व आहे ते शिकारी घोड्यांच्या तब्येतीवरच्या पत्रमालिकेत. तेव्हाचा रिवाज असा की हंगाम संपला की घोडे उन्हाळाभर कुरणात मोकळे सोडायचे. शरदात ते पोट सुटून, स्नायू ढिले पडून परत येत आणि पहिल्याच लांब दौडीत त्यांचा दम तुटे. निमरॉड म्हणाला, घोडा उन्हाळ्यातही तबेल्यात ठेवा, ओटची चंदी चालू ठेवा आणि हलका व्यायाम द्या. यावर बरीच वादावादी झाली. आज कुठल्याही दर्जेदार मासिकात दिसणारा ‘स्पर्धेआधी घोड्याची तयारी’ हा लेख त्या पत्रांचाच वंशज आहे. त्यातला सल्ला आज जसाच्या तसा कुणी देणार नाही. घोड्याला मोकळं फिरायला आणि चरायला मिळालंच पाहिजे असं आता मानतात. पण ‘अमुक केलं तर घोड्याच्या शरीरात तमुक घडतं’ असं कारणासकट सांगण्याची पद्धत तिथून रुळली, आणि मला ती फार मोलाची वाटते.

चित्रांचा इतिहास यापेक्षा आटोपशीर आहे, पण त्याने वाचकाची नजर घडवली. चौखूर धावणारा घोडा चित्रकार शतकानुशतकं पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला काढत. जून १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रं टिपली, तेव्हा दिसलं की चारही टापा जमिनीवेगळ्या असतात त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने त्यांवरून केलेली चित्रं छापली. छायाचित्रं थेट छापता येऊ लागली तसा वाचक स्वतःच परीक्षक बनत गेला. घोड्याचा जबडा, कान, मानेचा बाक आणि स्वाराचा हात तो आता स्वतः तपासू शकत होता.

विसाव्या शतकाच्या तोंडावर या नियतकालिकांचा एक मोठा वाचक लष्करी होता. ब्रिटनमध्ये ‘हॉर्स अँड हाउंड’ हे साप्ताहिक १८८४ पासून निघत होतं, जर्मनीत १९०० मध्ये ‘सांक्ट गेओर्ग’ सुरू झालं. त्या काळातली सगळ्यात दूरगामी कल्पना मात्र इटलीच्या घोडदळाच्या नियतकालिकात छापली गेली. उडी मारताना स्वाराने मागे रेलायचं, हा तोवरचा शिरस्ता. कॅप्टन फेडेरिको कॅप्रिलीने मांडच बदलली. रिकीब आखूड करायची, घोड्याबरोबर पुढे झुकायचं आणि मान लांबवायला त्याला मोकळीक द्यायची. त्याने लिहिलं फार थोडं. १९०१ मधला तो लेख हीच त्याच्या विचारांची मुख्य छापील मांडणी. इटलीतल्या पिनेरोलो आणि तोर दी क्विंतो इथल्या प्रशिक्षणशाळांत परदेशी अधिकारी येऊन शिकले आणि ही मांड आपापल्या देशांत घेऊन गेले. आज शो जंपिंगचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेचा, प्रत्येक स्वार थोड्याफार फरकाने तशीच मांड घेतो.

खेळाचे नियमही लष्कराच्याच हातात होते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज (ठरावीक चाली अचूक करून दाखवणं), शो जंपिंग आणि इव्हेंटिंग (ड्रेसाज, उड्या आणि मोकळ्या मैदानातले पक्के अडथळे असा तिहेरी कस) हे तीनही प्रकार आले, १९२१ मध्ये एफईआय ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. लष्करातला स्पर्धक अधिकारीच असावा ही अट किती काटेकोर होती ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दिसलं. स्वीडनच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं, पण संघातला गेनाल पेर्सन हा मुळात अधिकारी नव्हता, स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. हे उघड झाल्यावर पुढच्या वर्षी पदक काढून घेतलं गेलं आणि ते फ्रान्सला मिळालं. १९५२ मध्ये हेलसिंकीत अट गेली. पेर्सनने संघासोबत तिथे सुवर्ण मिळवलं. आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने वैयक्तिक ड्रेसाजमध्ये रौप्य जिंकलं. १९४४ मध्ये झालेल्या पोलिओमुळे तिचे पाय गुडघ्याखाली लुळे होते, घोड्यावर चढता-उतरताना तिला मदत लागायची. स्त्रियांना जंपिंग १९५६ मध्ये आणि इव्हेंटिंग १९६४ मध्ये खुलं झालं.

इथे वाचक बदलला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे. घोडदळ होतं तोवर ज्ञान पलटणीत मिळे. रायडिंग मास्तर ओरडून मांड सुधारायचा, नालबंद शेजारीच असे, पोटशूळ उठला की जुना मोतद्दार घोड्याच्या हालचालीवरूनच ओळखायचा. पलटणी मोटारी आणि रणगाड्यांकडे वळल्या आणि ती साखळी तुटली. नंतर खेळात आलेली माणसं नागरी होती, त्यांत स्त्रिया आणि मुली मोठ्या संख्येने होत्या. कुणाच्याच घरात तीन पिढ्यांची पागा नव्हती. एकच घोडा, तोही नोकरी किंवा शाळा सांभाळून राखलेला. विचारायला माणूस नव्हता, म्हणून त्यांनी मासिकाला विचारलं. निमरॉडचा वाचक मोतद्दाराला हुकूम द्यायला वाचत होता. हा नवा वाचक स्वतः खरारा करत होता, स्वतः शेण काढत होता, आणि चूक झाली तर घोड्याजवळ रात्र काढणारही तोच होता.

मासिकं त्याप्रमाणे बदलली. १९७७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘इक्वस’ने स्पर्धांचे निकाल बाजूला ठेवून घोड्याचं आरोग्य आणि वर्तन हाच मुख्य विषय केला. ‘प्रॅक्टिकल हॉर्समन’मध्ये प्रशिक्षक जॉर्ज मॉरिस यांचं सदर होतं. वाचक उडी मारतानाची आपली छायाचित्रं पाठवत आणि मॉरिस त्यांतल्या टाचेची, गुडघ्याची, नजरेची झाडाझडती घेत. आपलं नाव नसलेला फोटो छापून यावा, तज्ज्ञाने चार कठोर वाक्यं लिहावीत, हे लोकांना हवंसं का वाटायचं? कारण बहुतेकांना असा गुरू प्रत्यक्षात परवडणारा नव्हता, आणि दुसऱ्याच्या फोटोवरची टीका वाचतानाही आपली टाच आपोआप खाली जायची. पुढे २०१९ मध्ये खेळातल्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या सेफस्पोर्ट केंद्राने अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणी मॉरिस यांच्यावर कायमची बंदी घातली. ज्यांना आपल्या पानांनी मोठं केलं त्यांच्याबद्दलही तितक्याच स्पष्टपणे लिहायचं, ही जबाबदारी त्यानंतर कुणालाच टाळता येण्यासारखी राहिली नाही.

स्पष्टपणाची ही मागणी त्याआधीही पुढे आली होती, ती अपघातांमुळे. १९९९ या एका वर्षात ब्रिटनमध्ये इव्हेंटिंगच्या पाच स्वारांचा मृत्यू झाला. २००० मधल्या चौकशी अहवालाचा रोख घोडा पडण्यावर होता. पक्क्या अडथळ्याला पुढचे पाय अडकून घोडा कोलांटी खातो आणि स्वार त्याच्याखाली सापडतो, हा पडण्याचा सगळ्यात घातक प्रकार. त्यातून ठरावीक दाबाला तुटून ओंडका खाली सोडणाऱ्या खिळ्या अडथळ्यांत बसवल्या जाऊ लागल्या. अशा वेळी श्रद्धांजलीच्या पलीकडे जाऊन अडथळ्याची रचना, घोड्याचा वेग, उडीचा कोन यांवर लिहिणारं मासिक वाचकाला लागतं, कारण पुढच्या रविवारी त्याची मुलगी तसल्याच अडथळ्यावरून जाणार असते.

घोड्याच्या बाजूने बोलण्याची अपेक्षा सगळ्यात उशिरा ठळक झाली आणि तीच आज सगळ्यात तीव्र आहे. २००५ मध्ये ‘सांक्ट गेओर्ग’ने ड्रेसाजमधल्या ‘रोलकुर’ पद्धतीवर, म्हणजे घोड्याची हनुवटी छातीला लागेल इतकी मान आवळून सराव करण्यावर, बोचरा लेख छापला. खेळाच्या आतल्याच मासिकाने हे करणं सोपं नसतं. हे जग लहान आहे. संपादक, स्वार, चंदी आणि खोगिरांचे जाहिरातदार एकाच मैदानावर भेटतात. तरी वाद पेटला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये एफईआयने जबरदस्तीने मान वाकवणं अमान्य ठरवलं, जबरदस्तीशिवाय मान खाली आणि गोल ठेवणं मात्र चालेल असं म्हटलं. या दोहोंतली रेघ कशी ओळखायची, हे नियमाच्या वाक्यातून कळत नाही. ते छायाचित्रं शेजारी-शेजारी ठेवून समजावावं लागतं, आणि कुणाच्या हातातला लगाम आहे हे न पाहता समजावावं लागतं. जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर ब्रिटनची सुवर्णपदक विजेती शार्लट दुजार्डिन हिने माघार घेतली, कारण शिकवणीत घोड्याच्या पायांवर चाबकाचे फटके मारतानाची तिची चित्रफीत समोर आली होती. एफईआयने तिला वर्षभरासाठी निलंबित केलं. ही बातमी जगभरच्या सर्वसाधारण वृत्तपत्रांत झळकली. घोडेस्वारीच्या मासिकाकडे वाचक त्यानंतर आला, अधिक अवघड प्रश्न घेऊन: असं वागणं तबेल्यांत किती रुजलेलं आहे, पाहणारे गप्प का राहतात, आणि माझ्या प्रशिक्षकाने असं केलं तर मी कुणाकडे जाऊ?

निकाल आता स्पर्धा चालू असतानाच फोनवर दिसतात, तेव्हा निव्वळ निकालासाठी कुणी मासिकाची वाट पाहत नाही. नियम बदलतात तेव्हा मात्र पाहतो. १ मे २०२५ पासून एफईआयच्या स्पर्धांत घोड्याच्या नाकावरून जाणारा पट्टा किती आवळलाय हे ठरावीक मापाच्या साधनाने तपासलं जातं. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दीड सेंटिमीटर जागा हवी. छोट्या स्पर्धेत उतरणाऱ्या वाचकाला यावर अधिकाऱ्यांची प्रतिक्रिया फारशी नको असते. माप नेमकं कुठे घ्यायचं, गालाशी बोट घालून पाहिलं तर अंदाज का चुकतो, पट्टा सैल केल्यावर घोडा तोंड उघडू लागला तर दोष कडियाळाचा (तोंडातल्या लोखंडी लगामाचा), दातांचा की स्वाराच्या हाताचा, हे त्याला आकृतीसह, पशुवैद्याला आणि प्रशिक्षकाला विचारून लिहिलेलं हवं असतं.