सिमेंट वाळत नाही, वाढतं

वाळूचा ढीग करायचा, त्यावर प्लास्टिक अंथरायचं, मोठंसं पान शिरांची बाजू वर करून त्यावर ठेवायचं आणि सिमेंट-वाळूचा माल थापायचा. दोन दिवसांनी उलटून पान सोललं की बागेत ठेवायला काँक्रीटचं पान तयार. पक्ष्यांच्या पाण्याला, झाडांच्या मधल्या पायवाटेला किंवा नुसतं शोभेला. कृती एवढी सोपी आहे, म्हणूनच ती फसली की नेमकं काय चुकलं ते लक्षात येत नाही. कुणाच्या पानाचे उचलतानाच दोन तुकडे होतात, कुणाच्या शिरा पुसट येतात, कुणाचा पृष्ठभाग हात फिरवला की भुकटी सोडतो. यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच समजूत असते: सिमेंट वाळून घट्ट होतं.

ते वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक प्रक्रिया होते आणि त्यातून नवे पदार्थ वाढतात. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून जे खडे मिळतात, ते थोड्या जिप्समबरोबर दळले की पोर्टलंड सिमेंट होतं. (हे नाव जोसेफ ॲस्पडिनच्या १८२४ सालच्या पेटंटमधलं. त्याचं सिमेंट मात्र आजच्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला भाजलेलं होतं.) या भुकटीत साधारण निम्म्याहून जास्त वाटा ट्रायकॅल्शियम सिलिकेटचा असतो. पाणी मिळालं की त्यापासून दोन गोष्टी तयार होतात: कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजे कणांना एकमेकांशी बांधणारा अतिसूक्ष्म, गुंतागुंतीचा पदार्थ, आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे भिजवलेला चुना. पहिल्यामुळे ताकद येते. दुसरा पुढे बरेच उद्योग करतो, त्याच्याकडे नंतर येऊ.

ही वाढ सुरू होण्याआधी निसर्गाने आपल्याला थोडी उसंत दिली आहे. पाणी घातल्यावर पहिली काही मिनिटं थोडी उष्णता बाहेर पडते, मग तासा-दोन तासांसाठी प्रक्रिया जवळजवळ थंडावते आणि नंतर पुन्हा जोर धरते. माल थापणं, शिरांमध्ये दाबणं, कडा नीट करणं हे सगळं या मधल्या वेळात उरकायचं. घमेल्यातला माल घट्ट होऊ लागला म्हणून त्यात आणखी पाणी ओतून तो पुन्हा कालवला, तर नव्या पदार्थाची नुकती जुळू लागलेली जाळी मोडते आणि ती पहिल्यासारखी पुन्हा जुळत नाही. असा माल फेकून दिलेला बरा.

आता पाण्याचा हिशोब. सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक बंधात अडकतं आणि आणखी १९ टक्क्यांच्या आसपास त्या नव्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत धरलं जातं. म्हणजे एक किलो सिमेंटला ४२० मिलिलिटरच्या जवळपास पाणी पुरतं. त्यापुढचं पाणी कामाला येत नाही. ते हळूहळू उडून जातं आणि जाताना केसासारख्या पोकळ्या मागे ठेवतं. याच पोकळ्यांतून पुढे पाणी झिरपतं आणि थंड प्रदेशात ते तिथेच गोठतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, आणि मग पातळ काँक्रीटचे पापुद्रे निघायला वेळ लागत नाही. तेव्हा माल हाताने दाबून आकार देता येईल इतपत घट्टच असावा. एक भाग सिमेंटला दोन ते तीन भाग बारीक चाळलेली वाळू हे प्रमाण पानाच्या कामाला चांगलं. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही हिशोबात धरावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात.

शिरांची बाजू वर का, याचं उत्तर वनस्पतीच्या रचनेत आहे. पान म्हणजे उन्हाकडे तोंड करून धरलेला पातळ पडदा. वाऱ्यात तो दुमडू नये म्हणून शिरा खालच्या अंगाला जाड होऊन बाहेर येतात. वरचा भाग सपाट आणि खाली फासळ्या, अशी रचना कमी सामग्रीत जास्त ताठपणा देते. ओतीव कामात याच उंच फासळ्यांच्या खोल खाचा उमटतात. त्यातून एक धोकाही निघतो. मुख्य शीर जिथे असते तिथेच काँक्रीट सर्वांत पातळ राहतं, आणि काँक्रीट दाब झेलण्यात पटाईत असलं तरी ताण झेलण्यात फार कच्चं असतं. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी भरते. म्हणून पानं मोडतात ती बहुधा मधल्या शिरेवरच. मध्यभागी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त जाडी ठेवावी, कडेकडे ती कमी करत न्यावी, आणि मुख्य शिरेचा फारच उंच कणा असेल तर तो धारदार चाकूने थोडा तासून घ्यावा. देठही पानालगत कापायचा, नाहीतर तिथे आरपार भोक राहतं.

पान सकाळी तोडलेलं असावं असं जाणकार सांगतात, त्यालाही कारण आहे. रात्रभरात पेशी पाणी भरून घेतात आणि आतल्या दाबाने पान ताठ असतं. दुपारी बाष्पोत्सर्जनाने तो दाब उतरतो. मरगळलेलं पान ढिगावर सुरकुततं, आणि सिमेंट सुरकुतीही शिरेइतक्याच इमानाने उतरवून घेतं.

हा इमानदारपणा येतो कुठून? सिमेंटचे कण बहुतेक काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) ते काही दशक मायक्रोमीटर आकाराचे असतात आणि वाळूचे त्याहून कितीतरी मोठे. मग पानावरची नखाला जेमतेम जाणवणारी जाळी त्यांना कशी उमटवता येते? एक साधं निरीक्षण इथे उपयोगी पडतं: गुळगुळीत काचेवर ओतलेलं काँक्रीट काढलं तर त्याचा काचेकडचा भाग पॉलिश न करताही चकाकतो. चकाकी येण्यासाठी पृष्ठभागावरचा खडबडीतपणा प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असावा लागतो, म्हणजे एका मायक्रोमीटरच्याही आत. जाडाभरड्या भुकटीला एवढं बारीक काम जमतं कारण साच्याला अखेर टेकतात ते मूळचे कण नव्हे, तर पाण्यात वाढलेले नवे पदार्थ, जे नॅनोमीटरच्या मापाचे असतात. शिवाय सपाट पृष्ठभागाशी वाळूचे मोठे कण दाटीने बसू शकत नाहीत, त्यामुळे तिथे नुसत्या सिमेंटच्या लापशीचा पातळ थर आपोआप साचतो. ठसा घेतो तो हा थर.

अर्थात तो थर पानाला टेकला तरच. शिरेच्या कुशीत हवेचा बुडबुडा राहिला की तिथे खळगा पडलाच. पहिला हात म्हणून वाळू न घातलेली किंवा अगदी थोडी घातलेली दाटसर लापशी बोटाने शिरांच्या दोन्ही अंगांना चोळत न्यावी आणि मग त्यावर माल चढवावा. बाजूने हलकेच थापट्या द्याव्यात. ताजा माल स्थिर असताना घट्ट वाटतो, पण हादरा बसला की पाघळतो आणि हवा वर सोडतो. पानाच्या अंगावरचा मेणचट थर साच्याला लावायच्या तेलाचं काम करतो, म्हणून वेगळं तेल लावावं लागत नाही.

काही पानं मात्र आपल्या रसाने घात करतात. साखर ही सिमेंटची जुनी वैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या अगदी शतांश टक्क्यांच्या घरातली साखरसुद्धा घट्ट होण्याचा वेळ लांबवू शकते. लाकडाचा भुसा आणि सिमेंट यांचे तक्ते बनवणाऱ्यांना लाकडातल्या शर्करा आणि टॅनिन यांच्याशी हाच झगडा करावा लागतो. पान मऊ पडून रस सुटला की फक्त वरचा पापुद्रा कच्चा राहतो, आणि आतलं काँक्रीट भक्कम असूनही हाताला भुकटी लागते. अशा वेळी आणखी एक-दोन दिवस ओलसर झाकून ठेवून पाहावं. मगच ब्रशने घासावं.

निसर्ग हेच काम कोट्यवधी वर्षं करत आला आहे. तळ्याकाठच्या गाळात पडलेलं पान गाळाखाली गाडलं जातं, पान कुजून जातं, गाळाचा खडक होतो आणि मागे ठसा राहतो. बारीक चिखलात शिरांची जाळी स्पष्ट दिसते, भरड वाळूत नुसती बाह्यरेषा. चाळलेल्या वाळूचा नियम तिथेही आहे. आणि या ठशांतून कळतं तरी किती! अर्व्हिंग बेली आणि एडमंड सिनॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ साली दाखवून दिलं की प्रदेश जितका उष्ण, तितकी तिथल्या रुंदपानी झाडांमध्ये अखंड, दाते नसलेल्या कडेच्या पानांची संख्या जास्त. पुढे १९७९ मध्ये जॅक वुल्फ यांनी पूर्व आशियातल्या जंगलांवरून त्याला आकडा दिला: अशा पानांच्या जातींचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर वार्षिक सरासरी तापमान साधारण ३ अंश सेल्सिअसने जास्त. लाखो वर्षांपूर्वीचं तापमान काढायला जुन्या खडकांतल्या पानांच्या कडा मोजल्या जातात त्या याच जोरावर. बागेतल्या पानावर मात्र आपण नेमकी कडाच बिघडवतो. माल पानाच्या बाहेर ओघळतो, दाते बुजतात, आणि ठसा कुठल्या झाडाचा हे ओळखणं अवघड होतं. माल कडेपर्यंत आणून तिथून बोटाने आत ढकलायचा, बाहेर नाही. उरलेला ओघळ दुसऱ्या दिवशी कानशीने उतरतो, पण दाते परत कोरता येत नाहीत.

थापून झालं की वरून प्लास्टिक झाकायचं. पातळ पानाला उघडा पृष्ठभाग फार असतो. पाणी भराभर उडालं तर पृष्ठभाग आक्रसतो आणि भेगा पडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी गेलं की वाढ थांबते. गवंडी नव्या कामावर पाणी मारतात ते काँक्रीट थंड ठेवायला नव्हे, ही प्रक्रिया चालू ठेवायला. एक-दोन दिवसांनी पान सोलल्यावरही आठवडाभर ओलसर ठेवावं. साध्या सिमेंटचं काम सात दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोहोचतं. घाईने उन्हात ठेवलेलं पान वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि पहिल्याच धक्क्याला फुटतं.

राहिला तो चुना. त्याच्यामुळे ताज्या काँक्रीटमधल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-क्षारतेचं माप, १२.५ च्या वर जातो, इतकं ते क्षारधर्मी असतं. उघड्या हाताने कालवलं तर कातडी सोलवटते, आणि गंमत म्हणजे काम करताना ते जाणवतही नाही. रबरी हातमोजे घालावेतच, आणि कोरडी भुकटी हाताळताना तोंडावर मास्क. पक्ष्यांसाठी किंवा माशांच्या कुंडाशेजारी ठेवायचं पान आधी पाण्यात बुडवून, पाणी बदलत बदलत काही आठवडे ठेवतात. तेवढ्यात वरचा चुना निघून जातो. हाच चुना पृष्ठभागावर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळाला की पांढरी खार फुटते, म्हणजे चुनखडीच पुन्हा तयार होते. रंग निवडतानाही चुन्याला विचारावं लागतं. लोहाच्या ऑक्साइडचे तांबडे, पिवळे, काळे आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा असे रंग त्यात टिकतात, प्रशियन ब्लू मात्र बिघडून तपकिरी पडतो.

नव्या पानावर शेवाळ धरत नाही तेही याच क्षारतेमुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की पीएच ९ च्या आसपास उतरतो आणि पृष्ठभाग शेवाळाला मानवतो. हे मुरणं काळाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने होतं, म्हणजे दुप्पट खोल जायला चौपट वेळ. शेवाळाला वरचा पापुद्रा पुरतो, म्हणून ओल्या सावलीतलं पान तुलनेने लवकर हिरवं होतं. पण मजबुतीसाठी आत लोखंडी तार किंवा जाळी घातली असेल, तर तोच बदल त्या लोखंडाला बाधतो. क्षारता असेतोवर लोखंडावर संरक्षक थर टिकतो, ती गेली की गंज चढतो, गंज फुगतो आणि पातळ काँक्रीट उलतं. दीड-दोन सेंटिमीटर जाडीत लोखंडाला पुरेसं आवरण मिळणं कठीण. त्यामुळे मोठ्या पानाला आधार द्यायचा असेल तर साध्या तारेच्या जाळीपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचे धागे किंवा झिर्कोनियायुक्त काचतंतू मालात मिसळावेत. साधे काचतंतू मात्र घेऊ नयेत, चुन्यात ते हळूहळू झिजून जातात.